डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या

आमच्या घरातल्या कुणी दिल्ली पाहिलेली नव्हती, पण अण्णा दिल्लीचं उर्दू बोलतात असं सगळ्या जिंतुरात मानलं जाई. अण्णा म्हणजे माझे वडील. तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबांपुढं कागद ठेवणारे कारकून होते. निजामाच्या राज्यात सगळा कारभार उर्दूतून चालायचा आणि अण्णांनी एकदा मसुदा लिहिला की त्यात कुणी नुक्त्याचं टिंबसुद्धा हलवत नसे. तहसीलदारसाहेब खुद्द हैदराबादचे, पण एखाद्या शब्दावर अडले की चपराशाला पाठवून अण्णांना बोलावून घेत. असं अण्णा सांगत. त्यावर आई भाकरी थापता थापता म्हणायची, "अडत न्हाईत ते. ह्यांना बरं वाटावं म्हणून बोलावतेत." अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि ताटात उरलेल्या पिठल्याकडं बघत एखादा फारसी शब्द पुटपुटत.

अण्णांना मुलगा नव्हता. आम्ही दोघी बहिणी. थोरल्या ताईला त्यांनी उर्दू शिकवून पाहिलं, पण ताई अलिफ-बेपर्यंत आली आणि तिथून पळाली. मग मी सापडले. रोज संध्याकाळी कचेरीतून आले की ओसरीवर चटई टाकून ते एक उर्दू वाक्य सांगत आणि मी त्याचं मराठी करायचं, मग मराठी वाक्य सांगत आणि मी त्याचं उर्दू करायचं. एखादा शब्द मी आपल्या पदरचा घातला तर ते लगेच हात वर करत. म्हणत, "सुमन, दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून जातं तेव्हा ती अमानत असते. त्यात आपलं घालायचं नाही, त्यातलं ठेवून घ्यायचं नाही. खयानत होते." मी तेव्हा बारा वर्षांची होते. खयानत म्हणजे काय ते मला नीट समजत नव्हतं, पण ते काहीतरी चोरीपेक्षा वाईट असावं, असं त्यांच्या तोंडाकडं बघून वाटायचं.

ताईचं लग्न ग्वाल्हेरकडच्या मराठी घरात झालं होतं आणि दाजी दिल्लीला सरकारी कचेरीत कारकून होते. दिवाळी झाली आणि ताईचं पत्र आलं. "सहावा संपत आला. इथं थंडी पडू लागली आहे. माझी काळजी करू नये." आईनं ते पत्र अण्णांकडून तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा म्हणाली, "काळजी करू नये म्हणती, म्हंजे काहीतरी हाय." पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हे काही ठरवायची गोष्ट नव्हती. सूर्य पूर्वेला उगवावा तसं ते होतं. तेव्हा ताईला आणायला जायचं ठरलं. आई जाणार, आईला एकटीला कसं पाठवायचं म्हणून अण्णा जाणार, आणि मला मागं कुणापाशी ठेवायचं म्हणून मी जाणार. कधी रजा न घेणाऱ्या अण्णांनी महिन्याची रजा टाकली. आई म्हणायची लेकीसाठी टाकली. मला ठाऊक होतं की त्यांना एकदा दिल्लीत जाऊन उर्दू बोलायचं होतं.

थंडीवर आईचा विश्वास नव्हता. तिचं माहेर चारठाण्याचं, आणि जगातली कुठलीही गोष्ट तिनं चारठाण्याला आधी पाहिलेली असे. "थंडी थंडी म्हंजे किती? हुरड्याच्या दिवसांत आमच्या चारठाण्याच्या रानात पहाटं काय कमी गार असतं? दोन वाकळा घेतल्या की झालं." वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची शिवलेली आमच्याकडची गोधडी. तिनं दोन वाकळा, जवारीच्या पिठाचं एक पोतं, कारळाची चटणी, डिंकाचे लाडू आणि प्रवासात खायला धपाटे एवढं बांधलं. अण्णांनी त्यांची शेरवानी इस्त्री करून घेतली, रुमी टोपी ब्रशानं झाडली.

परभणीहून मनमाडच्या गाडीत बसलो. संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरीचे लोक डब्यात चढले. बाहेर जाणाऱ्या मालावर ते जकात घेत. एका शिपायानं पिठाच्या पोत्यात लोखंडी सळई खुपसली. आईनं त्याच्याकडं अशी नजर टाकली की त्यानं ती लगेच बाहेर काढली. सळईला पांढरं पीठ लागलेलं होतं. अण्णा उठून उभे राहिले आणि त्यांनी एक लांबच लांब उर्दू वाक्य म्हटलं. त्यात 'जनाबे आली' होतं, 'फ़र्ज़े मन्सबी' होतं आणि शेवटी 'आर्द' होतं, म्हणजे पीठ. शिपायानं सलाम ठोकला आणि तो उतरून गेला. अण्णा खाली बसले ते मनमाड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत, मिशीवरून बोट फिरवत बसले. आई पोत्याचं भोक शिवत होती.

झाशीच्या पुढं गाडीत थंडी शिरली. आधी पायांत आली, मग गुडघ्यांत. आग्रा आलं तेव्हा आईनं एक वाकळ पांघरली होती आणि दुसरी मला दिली होती. अण्णा शेरवानीत ताठ बसले होते आणि त्यांचे दात वाजायला लागले की ते खाकरल्यासारखं करत. दिल्लीच्या फलाटावर आई वाकळ पांघरूनच उतरली. त्या वाकळेत माझा लहानपणीचा परकर होता, ताईनं मुंजी-बारशांत मिरवलेल्या साड्या होत्या, आजीचं एक हिरवं इरकली लुगडं होतं. लोक वळून वळून बघत होते. आई म्हणाली, "बघू द्या. त्यांच्याकडं असं काही नसंल."

दाजींना कचेरीतून येता आलं नव्हतं, त्यांनी पत्ता लिहून पाठवला होता. अण्णांनी टांगा ठरवला. हा तो क्षण होता. त्यांनी टोपी सारखी केली, घसा साफ केला आणि टांगेवाल्याला म्हणाले, "मियाँ, ज़रा आहिस्ता चलाव. ज़नानी सवारी है. दौड़ाव नक्को."

टांगेवाला म्हातारा होता, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यानं मान वळवून अण्णांकडं पाहिलं आणि अतिशय अदबीनं विचारलं, "हुज़ूर दकन से तशरीफ़ लाए हैं?"

"हौ," अण्णा म्हणाले, आणि मला कोपरानं हळूच ढोसलं. "बघितलंस? भाषेवरून माणूस ओळखतात ही मंडळी." ते खरंच होतं. पुढच्या चौकात दुसरा टांगेवाला भेटला, त्याला आमचा टांगेवाला ओरडून काहीतरी म्हणाला. मला त्यातलं 'नक्को साहब' एवढं ऐकू आलं. मी अण्णांना सांगितलं नाही.

पण अशा गोष्टी लपत नाहीत. ताई राहायची ती गल्ली अरुंद होती, टांगेवाला तिथलाच निघाला, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं अण्णांना बघून "नक्को साहब आदाब" म्हणायला लागली. अण्णांना वाटलं हा काही आदराचा शब्द असेल. त्यांनी दाजींना विचारलं. दाजी फार सज्जन माणूस, कुणाला दुखवायचं म्हटलं तर त्यांच्याच डोळ्यांत पाणी यायचं. ते त्यांच्या ग्वाल्हेरी मराठीत म्हणाले, "अण्णासाहेब, आपण बुरा मानू नका. इकडे 'नक्को' म्हणत नाहीत ना. 'हौ' पण म्हणत नाहीत. ती दखनी झाली. इकडच्या लोकांना जरा हसू येतं." कागदावरचं अण्णांचं उर्दू खरोखरच निर्मळ होतं, पण जीभ आमच्या जिंतूरची होती, आणि हे त्यांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी दिल्लीत उर्दू बोलणं बंद केलं. बाजारात गेले की बोटानं दाखवत. एका रेवडीवाल्याला ते मुके वाटले, त्यानं मूठभर रेवड्या वरून जास्त घातल्या. अण्णांनी त्या आणून निमूटपणे माझ्या हातात दिल्या. पुढं संस्थान गेलं, कचेरीत मराठी आली, आणि अण्णांना पन्नाशी उलटल्यावर मराठीत मसुदे लिहायला शिकावं लागलं, तेव्हाही त्यांचा चेहरा मी असा पाहिला नाही, जसा त्या रेवड्या देताना होता.

आईचं मात्र बरं चाललं होतं. पहिल्या दिवशी ती नेमाप्रमाणे पहाटे उठली आणि तिनं थंड पाण्यानं अंघोळ केली. ओलेत्यानं पूजेला बसली आणि गणपतीचं नाव घ्यायला गेली तर नुसतं "ग, ग, ग" निघायला लागलं. ताईनं धावत शेगडी आणून पुढ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी आईनं जाहीर केलं की प्रवासात सोवळ्याला मुभा असते, आणि मुक्काम हाही प्रवासच. तिसऱ्या दिवशी ती दाजींचे लोकरी मोजे घालून, त्यावर नऊवारीचा काठ सावरत गच्चीवर उन्हात बसलेली दिसली. घरमालकीण एक विधवा म्हातारी होती, तिला सगळे अम्मा म्हणत. अम्मा तिच्या भाषेत बोले, आई आपल्या भाषेत, आणि दोघी मिळून तास तास गाजरं किसत, मुळे चिरत, मटार सोलत. मी मधे पडून अर्थ सांगायला जायची तर आई हातानं बाजूला सारायची. दाजींनी एका रविवारी आम्हाला मोठा मनोरा दाखवायला नेलं. आईनं मान वर करून तो पाहिला आणि म्हणाली, "आमच्या चारठाण्याला असाच दगडी खांब हाय. ह्यो उगं एवढा उंच कामून केला?"

ताईचं काहीतरी बिनसलं होतं ते मला आठवड्यानं समजलं. ती हसायची, खायची, आईच्या जवारीच्या भाकरीवर तुटून पडायची, पण निघायचा विषय निघाला की उठून जायची. आईनं गुरुवार ठरवला होता. ताईला सासू नव्हती, दाजी "जसं आईसाहेब म्हणतील तसं" एवढंच म्हणत. अडवणारं कुणी नव्हतं. बुधवारी दाजींनी भीत भीत सुचवलं की एवढा लांबचा प्रवास, तेव्हा निघायच्या आधी इथल्या बायकांच्या दवाखान्यात एकदा दाखवावं. ताई तिथं नाव घालून आली होती. आई म्हणाली, "दाखवू की. दाखवून झालं की निघू."

त्या दुपारी ताईनं मला गच्चीच्या कोपऱ्यात बोलावलं. ऊन होतं, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड आम्ही बसलो. ती विणकाम घेऊन बसली होती पण सुया हलत नव्हत्या.

"सुमे, मला घरी यायचं नाही," ती म्हणाली.

मला वाटलं ती थट्टा करायली. मी म्हटलं, "कामून?"

"द्वारकाकाकू आठवते तुला?"

द्वारकाकाकू माझ्या चुलत्याची बायको. मला अंधुक आठवत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज आठवत होता. ती बाळंतपणात गेली एवढं मला माहीत होतं. कशी गेली ते त्या दुपारी ताईनं सांगितलं. आमच्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली होती, तिला खिडकी नव्हती, वारा लागू नये म्हणून बाळंतिणीला तिथं ठेवायचे. भर दुपारीही आत दिवा लागायचा. तो दिवा धरून ताई उभी होती, तेव्हा चौदा वर्षांची. सुईण होती, आई होती. दुपार गेली, दुसरी दुपार आली. ताईनं फार काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "ती मला म्हणत होती, कमळ, दिवा जरा इकडं धर गं, मला काही दिसेना झालंय. दिवा तिच्या तोंडापाशीच होता."

मग ती म्हणाली, "आईला हे मी सांगू शकत नाही. तिला वाटंल मी तिच्यावर ठपका ठेवायली. उद्या डॉक्टरीण म्हणंल की जा, तर मी जाईन. पण ती जाऊ नका म्हणाली तर आई ऐकंल."

"ती म्हणंल का तसं?"

ताईनं माझ्याकडं पाहिलं. "आई तिचं बोलणं तुझ्याकडूनच ऐकणार आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तसंच झालं. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून अण्णा बाहेर बाकावर बसले. आत ताई आईला म्हणाली की मी सांगते ना काय म्हणतात ते, तर आई म्हणाली, "तू तुझ्या बाजूनं सांगशील. सुमीला ह्यांनी शिकवलंय. ती एक शब्द इकडचा तिकडं करायची न्हाई."

डॉक्टरीणबाई उंच होत्या, साडीवर करडी शाल, केस पिकलेले, आवाज प्रेमळ. त्यांनी ताईला तपासलं, हात धुतले आणि आईकडं बघून हसत म्हणाल्या, "माँ-बच्चा दोनों ठीक हैं. अभी सातवाँ है. शौक़ से सफ़र कर सकती हैं. बस, ले जाना हो तो इसी हफ़्ते ले जाइए."

"काय म्हणती?" आईनं मला विचारलं.

"त्या म्हणतात, ताई बरी आहे. बाळही बरं आहे." इथपर्यंत अमानत शाबूत होती.

"मंग?"

ताई पलंगावर बसून पदराची कड बोटाला गुंडाळत होती. मी म्हटलं, "पण प्रवास अजिबात करायचा नाही. रेल्वेचे हादरे बसतात. मनमाडला गाडी बदलताना जिना चढावा लागतो. आणि परभणीहून जिंतूरपर्यंत मोटारीचा रस्ता फार खराब आहे."

आईनं डॉक्टरीणबाईंकडं निरखून पाहिलं. "हिला मनमाडचा जिना ठाऊक हाय?"

"त्या सगळीकडं फिरलेल्या आहेत," मी म्हटलं. माझ्या कानांतून वाफ निघायली असं मला वाटलं.

"क्या पूछ रही हैं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आता त्यांनाही काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हटलं, "पूछ रही हैं, आप यहाँ कब से हैं."

त्या मोठ्यानं हसल्या. "बीस बरस हो गए. कह दो, डरें नहीं."

"आता काय म्हणली?"

"वीस दिवस झोपून राहायचं म्हणतात."

आईनं ताईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग "बरं" म्हणाली, डॉक्टरीणबाईंना हात जोडले आणि बाहेर आली.

बाहेर अण्णा दोन्ही हात शेरवानीच्या बाह्यांत खुपसून बसले होते. "काय म्हणाल्या?" त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "पोरीला हलवू नका म्हणली. रेल्वेचे हादरे बसतेत. आन् बाई लय अनुभवाची हाय. वीस बरस झाले तिला इथं."

अण्णांनी मान डोलावली. मी मात्र जागच्या जागी उभी राहिले. वीस बरस हे आईला मी सांगितलं नव्हतं.

घरी येईपर्यंत मी आईच्या दोन पावलं मागं चालत होते. त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर मटार सोलायला बसलो तेव्हा माझ्या पुढ्यात एक ढीग सारून ती म्हणाली, "खोटं बोलायचं तर लहान बोलावं. मनमाडचा जिना कामून आणला मधी?"

मी रडायला लागले. रडता रडता विचारलं, "तुला उर्दू समजतं?"

"शेजारी मुसलमानाची खाला राहायली पंधरा वर्सं. भिंतीवरून आमी काय खाणाखुणा करतो?"

"मग तू बोलत का नाहीस?"

"बोलले की तुझा बाप चुका काढतो." तिनं एक शेंग मोडली. "आता सांग. कमळला कामून यायचं न्हाई? नवरा सोडवंना का?"

मला शपथ घातलेली नव्हती. मी सगळं सांगितलं. द्वारकाकाकूचं नाव आलं तसे आईचे हात थांबले. मी सांगून संपल्यावरही थांबलेलेच होते. खाली गल्लीत कापूस पिंजणारा बसला होता, त्याच्या धनुकलीचा आवाज वर येत होता. आई म्हणाली, "दिवा मीच दिला होता तिच्या हातात. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. मला वाटलं, लेकरू हाय, इसरून जाईल."

मग ती उठली, पदरातली सालपटं झटकली आणि खाली गेली. ताई कणीक मळत होती. आई तिला म्हणाली, "कमळ, जावईबापूंना सांगून गहू आणून ठेव. माझं जवारीचं पीठ होळीपर्यंत पुरायचं न्हाई." ताईनं मान वर केली नाही. पण त्या दिवशीच्या पोळ्या खारट झाल्या होत्या आणि दाजी सोडून कुणी त्याबद्दल बोललं नाही. दाजी म्हणाले, "आज पोळीत काही विशेष टेस्ट आहे."

आई आणि मी राहणार, अण्णा रजा संपते म्हणून एकटे परत जाणार, असं ठरलं. सगळं सुरळीत झालं असं मला वाटत होतं, तेवढ्यात जायच्या आदल्या दिवशी अण्णा म्हणाले, "डॉक्टरीणबाईंचे आभार मानायला मला जायला पाहिजे. आपली मुलगी त्यांच्या भरवशावर ठेवायलो आपण." दोन आठवडे उर्दूचा एक शब्द न बोललेल्या माणसानं कागद घेतला आणि बसून आभाराचा मजकूर लिहून काढला. मला वाचून दाखवला. त्यात एकही 'नक्को' नव्हता. मी म्हटलं, "अण्णा, त्या फार कामात असतात." आई म्हणाली, "बायकांच्या दवाखान्यात गडीमाणसानं कशाला जायचं?" दाजी म्हणाले, "बाहेर ऑफिसात भेटतात की त्या. मी सोबत येऊ का?" अण्णा म्हणाले नको, ते एकटेच जातील. आणि टोपी घालून गेले.

आई आणि मी खिडकीपाशी बसून राहिलो. आईनं तेवढ्या वेळात तेच पातेलं तीनदा घासलं. अण्णा आले. त्यांनी टोपी खुंटीला लावली, शेरवानीची बटणं एकेक करून काढली, पाणी मागितलं.

"भेटली का बाई?" आईनं विचारलं.

"भेटल्या. फार शाइस्ता, अदबीनं बोलतात. माझं सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत."

"आन् काय म्हणली?"

अण्णांनी पाण्याचा पेला संपवला. "तेच. अजिबात हलवू नका म्हणाल्या." आणि जेवायला पाट मांडा म्हणाले.

आईनं आणि मी एकमेकींकडं बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी दाजी आणि मी अण्णांना पोचवायला स्टेशनवर गेलो. दाजी पाण्याची सुरई भरायला गेले होते. अण्णा खिडकीशी बसले होते, मी फलाटावर उभी होते. अण्णा जिंतूरच्या ओसरीवर बसल्यासारखे म्हणाले, "सुमन, एक वाक्य घे. शौक़ से सफ़र कर सकती हैं. मराठीत सांग."

मी खाली बघत राहिले. शेवटी म्हटलं, "अजिबात प्रवास करायचा नाही."

अण्णांनी टोपी सारखी केली. "शब्दशः नाही," ते म्हणाले. "पण मतलब बरोबर आहे." मग त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. तो हात फार गार होता.

ताईचं बाळंतपण थंडी सरता सरता झालं. डॉक्टरीणबाईंनी आईला आत येऊ दिलं, मला बाहेर बसवलं. दार लोटलेलं होतं, पण आईचा आवाज येत होता. पंधरा वर्षं भिंतीवरून बोललेली तिची सगळी दखनी त्या दिवशी बाहेर पडली. "डरो नक्को, बेटी, डरो नक्को. मैं है इधरच." थोड्या वेळानं एक नर्सही तसंच म्हणायला लागली. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. आई बाहेर आली, बाकावर माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "कमळ बोलायली. भूक लागली म्हणती." एवढं सांगून ती ढसाढसा रडली. आईला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. रडता रडता एकदा तिनं द्वारकाकाकूचं नाव घेतलं.

होळीनंतर ताईला आणि तान्ह्या पोरीला घेऊन आम्ही जिंतूरला आलो. मनमाडचा जिना ताई आपल्या पायांनी चढली. बारशाला आलेल्या बायकांनी, पहिलं बाळंतपण परमुलखात कामून केलं म्हणून कुरकुर केली, तेव्हा आईनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, डॉक्टरीणबाईंनी हलवू दिलं नाही. अण्णा ओसरीवर बसून त्याला मान डोलावत होते.

बारसं झालं आणि दुसऱ्या आठवड्यात आईनं गवंडी बोलावला. मागच्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं तिनं स्वतः रेघा ओढल्या आणि इथं खिडकी पाड म्हणाली. गवंड्यानं एक वार तिच्याकडं, एक वार रेघांकडं पाहिलं.

"माय, ही तर बाळंतिणीची खोली. एवढी मोठी पाडली तर वारा लागंल की."

"लागू दे," आई म्हणाली. "दिल्लीची डॉक्टरीण म्हणली, बाळंतिणीला वारा लागला पाहिजे."

डॉक्टरीणबाई असं कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही, आणि त्यांच्या दोघींच्या मधे दुभाषी मीच होते.